सागाचा ओंडका
निर्गुडीचा पाला उकळल्याचा वास आला की मला आईचे सुजलेले गुडघे आठवतात. लावणीच्या दिवसांत मुरबाडच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, “सांधे झिजलेत, ते भरून येणार नाहीत. उकिडवं बसू नका.” पण आमच्याकडे भाताची रोपं उकिडवं बसूनच उपटतात. वडिलांनी तिला बसायला सागाचा ओंडका शेतात नेला. आई म्हणाली, “चिखलात पाटलिणीसारखी बसू? नाय बसायची मी. बाया हसतील.” वडील स्वतःच ओंडक्यावर बसून रोपं उपटायला लागले. बाया त्यांनाच हसल्या. थोड्या वेळाने आई म्हणाली, “उठा आता, तुमचं गुडघं धड हायेत,” आणि बसली. आता गुडघे माझे झिजलेत. पंगतीत एकटीने खुर्ची मागायची लाज वाटते. मग चिखलात ओंडक्यावर बसलेले वडील आठवतात आणि मी मागते.