तीन तोंडांचा पिवळा कागद

माझ्या हातात त्यांनी पिवळा कागद ठेवला. त्यावर तोंडं काढलेली होती. एक हसरं, एक गप्प, एक रडकं. दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढे तीच तीन तोंडं. पटेल त्या तोंडाखाली खूण करायची. सोबत पेन्सिल. तीही अर्धी मोडून दिलेली.

"बाई, तुमच्या लोकांना नीट समजावून सांगा," या पाहणीचे समन्वयक प्राध्यापक म्हणाले. "वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं केलंय मुद्दाम."

माझे लोक. म्हणजे शिपाई, प्रयोगशाळेतले मदतनीस, कारकून, सफाईच्या बायका. आणि मी. रोह्याच्या त्या कॉलेजात मी एकोणतीस वर्षं नोकरी केली होती, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. पेणहून रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी सांभाळत इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते. प्राध्यापकांसाठीचा पांढरा कागद आदल्या दिवशी मीच टाइप केला होता. समन्वयकांच्या इंग्रजीतल्या चुका मीच दुरुस्त केल्या होत्या. तरी शिकवणाऱ्या त्या सगळ्या मॅडम, आणि मी बाई.

पांढऱ्या कागदावर पूर्ण वाक्यं होती. शेवटी सहा रेघा, सूचना लिहायला. पिवळ्यावर एकही रेघ नव्हती. आम्हाला काय सुचणार? पांढऱ्यासोबत पेन. पिवळ्यासोबत पेन्सिल.

इरा, तू परवा फोनवर सांगितलंस की तुझ्या नव्या नोकरीत माणसं कामात किती मन लावतात ते मोजतात. तू खुशीत होतीस म्हणून मी काही बोलले नाही. आता तुझी आजी लिहिते आहे. तुझ्या भावानं, तन्मयनेही वाचावं. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवली आहेत.

विद्यापीठाचं पत्र आलं होतं. प्राध्यापक आणि कर्मचारी कॉलेजशी मनानं किती जोडलेले आहेत ते मोजा आणि आकडा कळवा. आकडा पुढे तपासणीत धरला जाणार होता. आमच्या प्राचार्यांना तो चांगला हवा होता. माणसं कशी आहेत, हा प्रश्न त्यांना एकदाही पडलेला मी पाहिला नाही.

प्राचार्य आमच्याच भागातल्या जमीनदार घरातले. माझे वडील त्यांच्या आजोबांच्या खाचरात भात लावायचे. लहानपणी आम्ही त्यांच्याकडे गेलो की पायरीवर बसायचो. त्यांची आजी दारात यायची आणि विचारायची, "काय गो, बरं आहे ना?" आम्ही तोंड उघडेपर्यंत ती आत गेलेली असायची. मोजणी अशी फार जुनी आहे आमच्याकडे. फक्त तेव्हा कागद नव्हता.

तर आम्ही सगळे वाचनालयात बसलो. मी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होते.

"बाई, हा हसतोय तो प्राचार्य का?" प्रयोगशाळेतला विठोबा म्हणाला.

"आणि रडतोय तो तू," सुनंदा म्हणाली. "तुझ्यासारखाच दिसतोय, टक्कल सोडून."

सगळे हसले. सातवा प्रश्न येईपर्यंत हसत होते. सातवा प्रश्न होता: कॉलेजमध्ये मला मान मिळतो.

मग कोणी हसलं नाही. पेन्सिली चालू लागल्या, हळूहळू.

सुनंदा प्राध्यापकांच्या बाजूचे व्हरांडे आणि संडास साफ करायची. तेरा वर्षं. दर अकरा महिन्यांनी तिला दोन दिवस घरी बसवायचे आणि नवं पत्र द्यायचे, म्हणजे नोकरी सलग दिसत नाही. सातवी शिकलेली. दुपारी डबा खाताना बाकीच्यांना पेपर वाचून दाखवायची. सही वळणदार.

"बाई, शाईचं पॅड देता?" तिनं विचारलं.

"कशाला गो?"

"आंगठा लावते."

"तुला सही येते ना?"

"मला येते. या कागदाला वाटतंय, मला काय येत नाय. मंग त्याचंच खरं करते."

तिनं जांभळ्या पॅडवर अंगठा दाबला आणि सातव्या प्रश्नापुढच्या रडक्या तोंडावर उमटवला. नीट, मधोमध. बाकी प्रश्न तसेच सोडले.

कागदांवर नावं घालायची नव्हती. तिनं नावापेक्षा पक्कं काहीतरी घातलं होतं.

संध्याकाळी मी दोन्ही गठ्ठे प्राचार्यांसमोर ठेवले. त्यांनी पांढरा चाळला. मान हलवली. स्टाफरूममध्ये रोज त्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या सगळ्यांनी लिहिलं होतं, पूर्णपणे सहमत. शिकलेल्या माणसाला पेन्सिल द्यावी लागत नाही. तो मनातच खोडतो आणि मग लिहितो. सूचनांच्या रेघांवर एकानं लिहिलं होतं, वातावरण अतिशय प्रेरणादायी आहे. हा माणूस दर सोमवारी उशिरा येई आणि स्टाफरूममधल्या पंख्यालासुद्धा शिव्या देई.

मग पिवळा गठ्ठा.

"रडकी फार आहेत, बाई."

मी उभीच होते.

"पेन्सिलच आहे. जरा नीट करून घ्या. तुमचं काम स्वच्छ असतं." सुनंदाचा कागद त्यांनी दोन बोटांत धरला, तिनं साफ केलेल्या संडासात काही सापडावं तसा. "हा त्या सुनंदाचा, समन्वयक सांगत होते. हिचा नवा भरा. हिचं पत्र पुढच्या महिन्यात आहे ना? बघू." मग दाखल्याचा कागद माझ्याकडे सरकवला. सर्व कर्मचाऱ्यांनी फॉर्म स्वखुशीने व स्वहस्ते भरले आहेत. खाली माझ्या सहीची जागा.

मी माझ्या टेबलाशी आले. खणात खोडरबर होता.

इथून पुढचं नीट वाचा. मी खोडलं. पहिला कागद, दुसरा, तिसरा, चौथा. रडक्या तोंडाखालची खूण पुसायची, हसऱ्याखाली करायची, कागदावरचा चुरा फुंकायचा. मला कोणी धमकी दिली नव्हती. स्वच्छ काम करायची सवय होती, आणि सांगितलं ते करायची. पायरीवर बसलेलं माणूस एम.ए. झालं तरी पायरीवरून उठतंच असं नाही.

पाचवा सुनंदाचा होता. नवा भरायला सांगितला होता, तरी मी त्यावर रबर चालवला. का, ते मला आजही सांगता येत नाही. शाई पुसली गेली नाही. फाकली. रडकं तोंड आणखी मोठं झालं.

मी रबर खाली ठेवला. तेव्हा लक्षात आलं, की माझा स्वतःचा पिवळा कागद अजून कोराच आहे. एकोणतीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा मी दुसऱ्यांची उत्तरं पुसत बसले होते.

पेन्सिल खोडली तरी कागदावर वळ राहतो. मी ते चार कागद खिडकीशी तिरके धरले. सगळे वळ दिसले. एकेक वळ मी शाईच्या पेनानं गिरवला आणि माझ्या खोट्या खुणांवर काट मारली. मग माझा कागद उलटा केला. पट्टी घेऊन सहा रेघा मारल्या. त्यांवर इंग्रजीत लिहिलं, समन्वयकांना कळेल इतक्या सोप्या इंग्रजीत: आम्हाला पेन्सिली देण्यात आल्या होत्या. प्राचार्यांच्या सांगण्यावरून मी चार कागदांवरची उत्तरं बदलली. ती मी पुन्हा होती तशी केली आहेत. त्यांनी हे का सांगितलं, ते त्यांनाच विचारावं. खाली पूर्ण नाव लिहिलं.

सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या. तीही सवय. मग गठ्ठा परत नेला.

"दाखल्यावर सही होणार नाही, सर."

त्यांनी माझा कागद वाचला. दोनदा. "तुम्हाला रिटायर व्हायला तीन महिने राहिलेत, बाई. कशाला हे? तुम्ही तर आमच्या घरच्यासारख्या."

"तुमच्या घरी मी पायरीवर बसायचे, सर."

गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. मी बाहेर आले. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं.

पुढे काय झालं? समन्वयकांनी नवे पिवळे कागद आणले आणि एका दुपारी एकट्यानं सगळे भरले. दाखल्यावर त्यांनीच सही केली. अहवाल आला: शिक्षकेतर कर्मचारी अत्यंत समाधानी. तो चौकटीत घालून दारातच लावला. सुनंदाला दोन दिवस घरी बसवलं आणि तिसऱ्या दिवशी बोलावलं नाही. मला निरोप समारंभ झाला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. तिचं वाटलं. अंगठा तिचा, पण पॅड मी दिलं होतं.

तिनं आता कामगार कोर्टात दावा लावला आहे. परवा ती पेणला माझ्याकडे आली होती.

"साक्षीला येशाल का, बाई?"

"येईन."

"कॉलेजात बोलतात, कागद खोडले म्हणून. समोरचा वकील विचारील, खोडलं कोणी."

"मीच खोडलं."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. तिला हे माहीत नव्हतं. म्हणाली, "माझ्यावर पण रबर चालवलात?"

"हो."

"मंग ते पण सांगा," ती म्हणाली. चहा अर्धा ठेवून गेली.

काल प्राचार्यांचा फोन आला. आवाज मऊ. "बाई, त्यात तुमचंच नाव खराब होईल." तुमचा बाबाही तिकडून हेच म्हणतो, आई, या वयात कशाला. दोघांनाही मी एकच उत्तर दिलं. नाव खराब झालेलंच आहे, मी फक्त कुठे झालं ते सांगणार आहे.

इरा, तुझ्या कंपनीतलं मोजणं कसं असतं ते मला माहीत नाही. तुझ्या हातात कधी पेन्सिलीनं भरलेला गठ्ठा आला, तर तो आधी उजेडात तिरका धर.

मंगळवारी सुनावणी आहे, अलिबागला. वडखळ नाक्यावर ती रोह्याच्या गाडीतून उतरेल, मी पेणच्या. ती माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. झेरॉक्स पिशवीत घातल्या आहेत. तिथे उभी राहिले की चार कागद आणि पाचवा अंगठा, सगळं क्रमानं सांगणार आहे. आधी स्वतःचं नाव घेईन. मग प्राचार्यांचं.