पायपाच्या खालचं पाणी

आमच्या गावात किस्से गोळा करावे लागत नाहीत, राखडीसारखे आपोआप पडतात. सकाळी अंगण झाडावं, तर दुपारी ओट्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढा थर! किश्श्यांचंही तसंच. मी एक सांगून संपवते, तर विहिरीवर यमुना दुसरा घेऊन उभीच.

आधी जागा समजून घ्या. चंद्रपूरच्या अंगाला आमचं गाव. गावाच्या वरच्या बाजूला कंपनीचा राख बंधारा. कोळसा जाळून उरलेली राखड पाण्यात कालवून तिथं साठवतात. त्यातून एक पायप निघतो आणि आमच्या नाल्यात सुटतो. नाल्याच्या काठावर आमची विहीर. अख्खं गाव तीच पितं. आमची मागणी एका ओळीची, पायप बंद करा. मी शाळेत गेले नाही, वाचायला-लिहायला माझी मी शिकले. पण ही ओळ इतक्या अर्जांत लिहिली की आता डोळे मिटून लिहीन!

* * *

कंपनीचा एक साहेब आमच्या वाट्याला आला होता. पाणी, हवा, झाडं, सगळं त्यांच्याकडे. माझी शेजारीण यमुना ढिवराची, नाल्यात जाळं टाकून पोरं वाढवली तिनं. एका सकाळी नाल्यात मासोळ्या उलट्या तरंगताना दिसल्या. हिनं टोपलं भरलं आणि थेट गेटवर साहेबांच्या बुटापुढे ठेवलं.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "या सीझनमध्ये मरतातच मासे. नॉर्मल आहे."

यमुना म्हणाली, "माह्या उभ्या जन्मात मासोळी जाळ्यात मेली साहेब, पाण्यात मरताना आत्ता पाह्यली!"

त्या दिवसापासून त्यांचं नाव नॉर्मलसाहेब.

* * *

आमच्या शेळ्या रस्त्याकडच्या झाडांना तोंड लावत नाहीत. पानावर राखडीचाच थर असतो. एक दिवस काय झालं, सगळा कळप दावी तोडून रस्त्याकडे पळाला! मागोमाग आम्ही. पाहतो तर कंपनीचा टँकर उभा आणि दोन माणसं नळीनं झाडं धुऊन राह्यले. पान न् पान! बुडखेसुद्धा!

"काऊन रे बाबा, आज आंघोळ?" मी विचारलं.

"तपासणी आहे ना आजी."

घ्या! इथं आम्हाला प्यायला टँकर मागितला की डिझेल नसतं.

थोड्या वेळानं सरकारी गाडी आली. तपासणीचे साहेब काच खाली करून म्हणाले, "वा, किती हिरवंगार ठेवलंय!"

मी म्हटलं, "जरा थांबा साहेब. वाळू द्या."

काच वर गेली.

* * *

त्याच साहेबांनी त्या दिवशी नाल्याचं पाणी तपासायला नेलं. बाटली घेऊन निघाले ते पायपाच्या वरच्या अंगाला, जिथं नाला अजून स्वच्छ आहे.

"साहेब, खाली या. पायप इथी आहे!" मी ओरडले.

"तिथं फार चिखल आहे आजी. बूट फसतात."

"आमचे पाय कसे नाई फसत मंग?"

ते हसले. बाटली भरली, लेबल लावलं, गेले. काही दिवसांनी निकाल आला की पाणी उत्तम आहे! म्हणजे बिमार पडलो आम्ही आणि रक्त तपासलं शेजाऱ्याचं. राग येतो तो खोटेपणाचा नाही. खोटं बोलायला निदान थोडे कष्ट पडतात. इथं बूट खराब होऊ नयेत म्हणून गावाचं पाणी चांगलं ठरलं!

* * *

एका पावसाळ्यात बंधारा फुटला. राखड नाल्यातून उसळून धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत शिरली. रोवणी नुकतीच आटोपली होती. पाणी ओसरल्यावर पाहतो तर बांधीत सिमेंट ओतल्यासारखा पापुद्रा. नांगराचा फाळ टणटण वाजायचा.

नॉर्मलसाहेब पाहणीला आले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "याच्या विटा फार छान होतात बरं का. तुम्हा बायकांना चांगला उद्योग आहे."

यमुनानं तिथंच पदर खोचला. "आन् पोटात काय रचाचं साहेब, विटा?"

* * *

हा किस्सा सांगताना माझा आवाज अजून चढतो.

कंपनीनं नव्या वर्षाचं कॅलेंडर घरोघरी वाटलं. वर मोठा रंगीत फोटो. राख बंधाऱ्याच्या मधोमध एक रोही उभा, नीलगाय म्हणतात ती. मान वर, कान टवकारलेले. खाली ठळक अक्षरात, 'निसर्ग आणि उद्योग, हातात हात.'

तो रोही आम्ही ओळखत होतो. वरून वाळलेली राखड त्याला जमीन वाटली, पाणी प्यायला गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. आम्ही काठावरून ओरडत होतो, दोर आणा म्हणत होतो. तेवढ्यात कंपनीचा फोटोवाला आला.

दोर आला तेव्हा उशीर झाला होता.

ते कॅलेंडर आमच्या गावात कुणी भिंतीला लावलं नाही.

* * *

आता शेवटचा.

कंपनीनं ठरवलं, आमच्या विहिरीवर बोर्ड लावायचा, 'पाणी पिण्यास योग्य.' बोर्ड लागला की आमचे सगळे अर्ज मेले, पायप कायमचा नाल्यात! बायकांनी आरडाओरडा करू नये म्हणून त्याच दिवशी हळदीकुंकू ठेवलं. नॉर्मलसाहेबांच्या मॅडम स्वतः आल्या. माणूस म्हणून चांगली बाई. मी मागं उभी होते, तर म्हणाल्या, "आजी, पुढे या ना."

"मी विधवा आहे बाई."

"मग काय झालं? आधी तुम्हालाच लावते."

चांदीच्या वाटीत हळद काढली. "थोडं पाणी द्या हो, ओली करते."

यमुना तांब्या घेऊन विहिरीवर गेली, भरून आणला. मॅडमनी वाटीत पाणी ओतलं, बोटानं कालवलं. हळद तांबडी होऊ लागली. पाहता पाहता शेजारच्या कुंकवासारखी!

मॅडम थबकल्या. दुसऱ्या वाटीत नवी हळद घेतली, पुन्हा तेच पाणी. पुन्हा लाल. मग स्वतःच्या पर्समधली बाटली काढली, तिसऱ्या वाटीत त्यातलं पाणी घातलं. हळद पिवळीधमक!

मांडवातल्या बायका वाट्यांवर वाकल्या. बोर्डाचा पडदा ओढायला उभे असलेले नॉर्मलसाहेब लगबगीनं आले, वाट्यांकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "काही नाही, हळदीत भेसळ आहे. बाजारात हल्ली असंच मिळतं. चला, पडदा ओढू या."

मॅडमनी मान वर केली. बोटं अजून लाल होती.

"अहो, सांगलीची हळद आहे ही. माझ्या वडिलांच्या शेतातली. आईनं घरी दळून पाठवलीय. परत बोला बरं, भेसळ कशात आहे?"