गाठ मी बांधली होती

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात माझी बदली उत्तरेतल्या एका तळावर, कॅनबेरा स्क्वाड्रनमध्ये झाली. मी कॉर्पोरल होतो, वय तेवीस. काम सेफ्टी इक्विपमेंटचं: पॅराशूट, ऑक्सिजन मास्क, लाइफ जॅकेट. त्याच सेक्शनला कॉर्पोरल इब्राहिम मुलाणी होता, कराडजवळचा. सेक्शनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून बराकीत खाटा शेजारी लावल्या. मी त्याच्याहून चार महिन्यांनी सीनियर, म्हणून तो मला ‘शिंदेसरकार’ म्हणायचा.

कॅनबेरा हे दोन इंजिनांचं हलकं बॉम्बर. आमच्याकडच्या प्रकारात दोघंच बसत. पायलटला इजेक्शन सीट होती. हँडल ओढलं की खुर्चीसकट बाहेर. नेव्हिगेटरला ती नव्हती. त्याने शेजारच्या रॅकमधला पॅराशूटचा पॅक काढायचा, छातीवरच्या हुकांना अडकवायचा आणि बाजूच्या दारातून उडी मारायची. तो बाहेर पडेपर्यंत पायलट विमान धरून ठेवत असे.

जमिनीलगत उडताना दणक्यांनी पॅक रॅकमधून खाली पडे. म्हणून आम्ही तो कच्च्या सुती दोऱ्याने बांधत होतो, एका हिसक्यात तुटेल असा. मग फॉर्मवर दोन सह्या: एक काम करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. युद्ध सुरू झाल्यावर विमान परतून पुन्हा निघेपर्यंत जेमतेम पाऊण तास मिळे. दोघांतला जो मोकळा असेल तो काम करी. सह्या नंतर होत, ज्याला जो रकाना सापडेल त्यात. एकमेकांवर आमचा तेवढा विश्वास होता.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला सुती दोऱ्याचं रीळ संपलं. स्टोअर अर्ध्या मैलावर. मी खिशातली मेणाची नायलॉन दोरी काढली आणि पॅकला दुहेरी गाठ मारली. परत आल्यावर बदलू, असं मनाशी म्हटलं. मुलाणी तेव्हा बॉम्बच्या ट्रॉलीवर होता. मनुष्यबळ कमी, सगळे सगळं करत होते. तो धावत आला.

“झालं का, सरकार?”

“झालं. सही टाक.”

त्याने पहिल्या रकान्यात सही केली. उरलेला दुसरा रकाना मी भरला. म्हणजे कागदावर पॅक मुलाणीने बांधला आणि मी तपासला.

विमान १६१० ला, म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी उडालं. पायलट स्क्वाड्रन लीडर मेनन, नेव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट सूद. लक्ष्यावर उजव्या इंजिनाला तोफेचा गोळा लागला. एका इंजिनावर त्यांनी सीमा ओलांडली. हरियाणात शिरल्यावर पंखाला आग लागली. पुढचं त्या दोघांनी चौकशीत सांगितलं.

“सूद, गेट आउट.”

“पैक नहीं निकल रहा, सर. बंधा हुआ है.”

“खींचो.”

“खींच रहा हूँ. सर, आप जाइए.”

“बकवास मत करो. काटो उसको.”

सूदने बुटातला चाकू काढून दोरी कापली. उडी मारली तेव्हा उंची आठशे फूट होती. ती दोरी कापली जाईपर्यंत मेनन जळतं विमान सरळ धरून बसले होते. ते निघाले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांचं पॅराशूट पुरतं उघडलं नाही. विमान मोहरीच्या शेतात पडलं. सूदचा घोटा मुरगळला. मेननच्या पाठीचे दोन मणके मोडले. ते पुन्हा कधी उडाले नाहीत.

रात्री बातमी आली. दोघे जिवंत आहेत हे ऐकून मी रडलो. दोरीचं मी कोणालाच सांगितलं नाही, मुलाणीलाही नाही. दोन दिवसांनी तळावर हवाई हल्ला झाला आणि मुलाणी गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी जानेवारीत बसली. सूदने दोरीचा तुकडा टेबलावर ठेवला. चौकशी अधिकाऱ्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

“ये काम मुलाणी ने किया?”

“फॉर्म में जो है, सही है, सर.”

एवढंच बोललो. मला नीट न तपासल्याबद्दल ताकीद मिळाली. मुलाणीच्या नावाची शौर्यासाठी शिफारस झाली होती, ती मागे घेतली गेली. पुढे मी सार्जंट झालो, पेन्शन घेतली.

सव्वीस वर्षांनी दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या माजी सैनिकांच्या सोसायटीत मला फ्लॅट मिळाला. तेव्हा मेट्रो नव्हती, पाणी टँकरने यायचं. मी गुडगावच्या एका नव्या कंपनीत सिक्युरिटी बघत होतो. सोसायटीचे सेक्रेटरी निघाले विंग कमांडर सूद, रिटायर्ड. त्यांनी मला लगेच ओळखलं. गेटपाशी एक शिला बसवायची ठरली: सभासदांच्या युनिटमधले जे युद्धात गेले, त्यांची नावं. मी चिठ्ठीवर मुलाणीचं नाव लिहून नेलं.

सूदसाहेबांनी चष्मा लावला. “यार शिंदे, ये नहीं. इसकी वजह से मेनन सर आज तक बेल्ट बांधते हैं. तुम्हारा दोस्त था, मालूम है. पर नहीं.”

मी म्हणालो, “सर, वो गांठ मैंने बांधी थी.”

मी दोरी, रीळ, रकाने सगळं सांगितलं. आतून त्यांच्या मिसेसनी चहा आणला. तो तसाच राहिला.

“छब्बीस साल मैंने एक मरे हुए आदमी को गाली दी,” ते शेवटी म्हणाले. “लिखकर दो. मेनन सर को तुम खुद बताओगे. मैं फोन लगाता हूँ.”

त्यांनी फोन लावला. मी सांगितलेलं सगळं मेनन साहेबांनी ऐकलं आणि विचारलं, “उसके घर में कौन है?”

“भाई है, सर. कराड में.”

“पहले वहाँ जाना चाहिए था,” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांचं बरोबर होतं. मी कराडला जाऊन आलो. मुलाणीच्या भावाने मला घरात घेतलं, जेवू घातलं, आणि निघताना हात मात्र मिळवला नाही. हवाई दलाला पाठवलेल्या लेखी जबाबाची पोच आली आहे, उत्तर नाही. शिलेवर नाव सूदसाहेबांनी स्वतः उभं राहून कोरून घेतलं.

ते वाचून लोक विचारतात, हे कसे गेले. म्हणून लिहून ठेवतो.

हल्ल्याच्या दिवशी दुपारी चारला सायरन झाला. दोन कॅनबेरांच्या मधे बॉम्ब भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली उभी होती. आम्ही सगळ्यांनी खंदकात उड्या मारल्या. मुलाणी उलटा पळाला आणि ट्रॅक्टरवर बसला. मी ओरडलो, “मुलाण्या, उतर.” तो म्हणाला, “आलोच, सरकार.” त्याने ट्रॉली अडीचशे यार्ड लांब, मातीच्या बांधाआड नेली. परत पायी येत असताना त्याला छर्रे लागले. दोन्ही विमानं वाचली. खंदकात आम्ही अकरा जण होतो. तो बावीस वर्षांचा होता.