शिक्षेत असलेला मुलगा

कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतली ती दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही. मी वर्दी उतरवली ती ऐन उमेदीत, त्यामुळे मला 'निवृत्त अधिकारी' म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. आता मी मुलांच्या सुरक्षेची पत्रकं वाटते. का वाटते, ते या प्रकरणात आहे.

तिथल्या कारखानदारांनी एक बालसुरक्षा संघटना काढली होती. कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर, भिंतीवर हसरे ससे, दारात अध्यक्षांचा हार घातलेला फोटो. अध्यक्षांची पात्रता काय? त्यांचा कारखाना सगळ्यांत जुना. बस्स. मुलं सांभाळायला त्यांनी आपलाच एक सुपरवायझर नेमला, कारण 'शिस्तीचा माणूस'. पोलीस पडताळणी नाही, प्रशिक्षण नाही. आणि याला म्हणायचं सुरक्षा!

ठाण्यात फोन आला तो राजाजीनगरच्या एका अक्कांचा. त्या तिथे मुलांना गोष्टी सांगायला जात.

"ताई, एका पोराच्या चपला दारात आहेत आणि पोरगं कुठ्ठे नाही. विचारलं तर म्हणे घरी गेलं. या उन्हात अनवाणी?"

मी डायरीत नोंद केली आणि एका महिला शिपायाला घेऊन साध्या कपड्यांत निघाले. वर्दी दिसली की मुलं गप्प होतात.

अध्यक्ष तिथेच होते. शहरातलं जुनं मराठी घराणं, बोलणं निम्मं कानडी.

"सरी, सरी, बसा मॅडम. स्वल्प कॉफी?"

"मुलगा कुठे आहे?"

"अहो, मी अध्यक्ष! पोरं मोजत बसू का?"

सुपरवायझर म्हणाला, आई घेऊन गेली. कधी, असं विचारताच त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. उत्तर देण्याआधी माणूस कोणाकडे बघतो, ते टिपून ठेवायचं असतं. जबाब नंतर बदलतात, ती नजर बदलत नाही.

मी मुलाच्या आईला शेजारच्या कारखान्यातून बोलावलं. ती बिहारची, हात ग्रीसने काळे.

"घर? नहीं मैडम, वो तो शिक्षा में है। सुबह सुपरवाइज़र ने बोला। ये साहब भी वहीं खड़े थे।" तिने अध्यक्षांकडे बोट केलं.

चेहऱ्यावर केवढं कौतुक! तिच्या हिंदीत शिक्षा म्हणजे अभ्यास. सुपरवायझर कानडी, आणि कानडीतही मराठीसारखाच शिक्षेचा अर्थ दंड; त्याने आपला शब्द उचलून तिच्या भाषेत टाकला होता. मी सुपरवायझरपुढे हात पसरला.

"किल्ली," मी म्हणाले. सुपरवायझरने मुकाट्याने खिशातून काढली.

मागे रंगाचे डबे ठेवायची बिनखिडकीची खोली होती. कुलूप काढलं. मुलगा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, घामाने चिंब. मला बघून तो रडला नाही, भांडलाच. "ग्लास मैंने नहीं तोड़ा!" आईने त्याला असं कवटाळलं, की तो पाणी पिता पिता ओरडला, "छोड़ो ना!" माझी शिपाई तोंड फिरवून डोळे पुसत हसत होती. मीही हसले. वैद्यकीय तपासणीतही पोर ठणठणीत निघालं.

पंचनामा चालू असताना अध्यक्ष जवळ आले. "मॅडम, मलाही वाटलं, शिकवणी चालू असेल."

"घरात तुम्ही मराठी बोलता ना?"

"हो."

"आणि कारखान्यात कानडी?"

"हो."

"मग यांतल्या कुठल्या भाषेत शिक्षा म्हणजे शिकवणी?"

त्या बाईची फसगत झाली होती. यांना शब्द बरोब्बर कळला होता. आई आनंदाने कामावर जाताना यांनी पाहिलं, आणि हे कॉफी प्यायला गेले.

गुन्ह्यात मी दोघांचीही नावं घातली. संघटनेतून आरडाओरड झाली: अध्यक्षपद मानाचं असतं, त्यांनी थोडंच कोंडलं? तेव्हापासून मी प्रत्येक संघटनेच्या दारात जाऊन एकच विचारते. तुमच्याकडे मुलाला काही झालं, तर पहिला जबाब कोणाचा घ्यायचा? ज्याला "माझा" म्हणता येत नाही, त्याने मुलांच्या नावाच्या खुर्चीत बसू नये.