मावशी आणि पोर्तुगीज कप्तान

माझ्या मोठ्या मावशीसमोर कुणालाही फार वेळ थोर राहता येत नाही. टिटवाळ्याला तिच्या दारी मतं मागायला आलेल्या उमेदवाराला तिने आधी चपला नीट लावायला सांगितल्या, मग हात जोडू दिले. हृदयाचे मोठे डॉक्टर तिची नाडी बघत होते आणि ती त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं. शेवटी डॉक्टरच आपली झोप कशी उडालीय ते सांगत बसले आणि बाहेर पेशंट ताटकळले. आमच्या वास्तुशांतीच्या गुरुजींना तर ती म्हणाली, "दमलात तुम्ही. मधलं थोडं गाळा, देव समजून घेतो." गुरुजींनी गाळलं.

अशा बाईला संग्रहालयात नेणं धोक्याचंच. पण गेल्या मे महिन्यात ती आमच्याकडे घोडबंदर रोडला राहायला आलेली, आणि ठाण्यातल्या एका छोट्या संग्रहालयात इतिहासातली माणसं वेश करून भेटणार होती. आमच्या आठ वर्षांच्या ओवीने हट्ट धरला. दारातच संयोजक बाईंनी नियम समजावला की ही पात्रं फक्त आपल्या काळातलं बोलतील, तुम्हीही त्यांच्याशी तसंच बोला. मावशीने मान डोलावली. तिची मान डोलते तेव्हा कान बंद असतात, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार.

पहिल्याच दालनात एक मराठा सरदार गर्जत होता. मावशीने जवळ जाऊन त्याला सांगितलं की मिशी उजवीकडून सुटलीय. सरदाराने गर्जता गर्जता मिशी दाबली. पुढे पेशवाईतल्या एका बाईंना तिने खांबाआड नेलं आणि त्यांच्या नऊवारीचा काष्टा पुन्हा खोचून दिला. बाहेर येताना त्या पेशवाई विसरून "थँक्यू हं मावशी" म्हणाल्या. मी आणि बायको दोन पावलं मागे, ही आमची कुणीच नव्हे असा चेहरा करून चाललो होतो.

अंगणात, भर उन्हात, तोफेशेजारी पोर्तुगीज कप्तान उभा होता. पत्र्याचं चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण, भोवती दोरी आणि दोरीबाहेर पन्नासेक माणसं. हा किल्ला आमच्या राजाचा आहे, असं तो ओरडत होता. पण तिसऱ्यांदा ओरडताना त्याची जीभ जड झाली. लोकांना तो पोर्तुगीज उच्चार वाटला. मावशी मात्र दोरीखालून वाकून आत शिरली आणि तिने सरळ कप्तानाच्या कपाळाला हात लावला. लोक हसले, टाळ्याही पडल्या. संयोजक बाई धावत आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या की कलाकारांना हात लावायचा नाही.

"अहो बाई, पोरगं भाजतंय," मावशी म्हणाली.

कप्तानाने शेवटचा प्रयत्न केला. मी लिस्बनचा, एवढं बोलला आणि त्याचे गुडघे दुमडले. मी धावलो, मागून सरदार धावला. आम्ही दोघांनी त्याला सावलीत आडवं केलं. मावशीने चिलखताचे पट्टे सोडले, पिशवीतल्या पुडीतली साखर आणि मीठ पाण्यात ढवळलं. सरदार ढालीने वारा घालत होता, पेशवाईतल्या बाई तळपायांना ओला रुमाल लावत होत्या.

तो जरा सावरला तेव्हा मावशीने विचारलं, "कुठला रे तू?"

"भाईंदरजवळच्या उत्तनचा, आजी."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"काहीच नाही. खाल्लं की हे पट्टे लागत नाहीत."

मावशीने पिशवीतला आमचा पोळीभाजीचा डबा उघडला आणि त्याला घास घास भरवला. संयोजकांनी बोलावलेले डॉक्टर येईपर्यंत डबा रिकामा झाला होता. ओवीने विचारलं, "मग आता किल्ला कोणाचा?"

कप्तान तोंड पुसत म्हणाला, "आजींचा."

परतताना घोडबंदरला नेहमीसारखी वाहनं तुंबली होती. मावशी खिडकीबाहेर बघत होती. तिला स्वतःचं मूल नाही. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही आणि तीही बोलत नाही. मग ती म्हणाली, "त्याच्या घरी विचारणारं कुणी असेल ना रे?" मी म्हटलं, असेल.

यंदाही तो कार्यक्रम झाला. मावशीला आता गुडघ्यांमुळे घराबाहेर पडवत नाही, म्हणून आम्ही तिघंच गेलो. सगळी पात्रं नियमाप्रमाणे आपापल्या काळात राहिली. त्यापलीकडे कुणी कुणाशी काही बोललं नाही. अर्ध्या तासात ओवी म्हणाली, "बाबा, घरी जाऊया."