आबांनी कॉम्प्युटरचे दात बघितले

आमच्या घरात पायांची किंवा चाकांची कुठलीही वस्तू आबांना विचारल्याशिवाय आली नाही. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते गावी राहून शेती बघायचे आणि बैलाची पारख हा त्यांचा हातखंडा. पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंतच्या बाजारांत दलाल त्यांना लांबून ओळखतात आणि लंगडा बैल गपचूप मागे सारतात, असं ते स्वतःच सांगत. बैलांवर नाव झालं आणि मग बाकीच्या गोष्टीही त्यांच्याकडे गेल्या. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची स्कूटर, विहिरीवरचं इंजीन, आतेबहिणीचा नवरा, सगळं आबांच्या पसंतीचं. स्कूटर चांगली चालली. नवऱ्याबद्दल आतेबहीण फारसं बोलत नाही.

त्यामुळे नव्वदचं दशक संपत आलं असताना जळगावच्या आमच्या घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा नानांनी पहिलं काम केलं ते गावी निरोप धाडण्याचं. मी म्हणाले, आबांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं? नाना म्हणाले, "तुझ्या आत्याच्या जावयातलं तरी काय कळत होतं?"

मला राग लवकर येतो, अजूनही येतो. पण तेव्हा त्याला कारण होतं. शहरातल्या एका छापखान्यात मी वर्षभर कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका जुळवत होते. छापखान्याचे मालक म्हणाले होते, तुझं स्वतःचं मशीन असेल तर लग्नसराईचं सगळं काम तुझ्या घरी देतो, तू फक्त फ्लॉपी आणून दे. म्हणजे माझं स्वतःचं काम. कॉम्प्युटरची गोष्ट घरात काढली ती मी. पण घरात चर्चा फिरत फिरत, कशी कोण जाणे, 'दादासाठी कॉम्प्युटर घ्यायचा' अशी झाली. दादाने कॉम्प्युटरचा एक कोर्स अर्धा केला होता. कॉम्प्युटर त्याच्या खोलीत बसणार, आणि मी 'लग्न होईपर्यंत मधूनमधून' वापरणार, असं आईने नातेवाइकांना सांगूनही टाकलं. ते ऐकलं की माझ्या कानशिलात ठणका लागायचा.

आबा आले आणि त्यांनी पहिला नियम सांगितला. खरेदी धुळ्यात.

"जळगावात दुकानं आहेत की," मी म्हणाले.

"आपला गावना बाजारमा ढोर लेवानं नही," आबा म्हणाले. "वळखीना माणूससंगे उद्या भांडशी कशी?"

म्हणून आम्ही चौघं, आबा, नाना, दादा आणि मी, भर एप्रिलच्या उन्हात एसटीने धुळ्याला गेलो. एरंडोल गेलं, पारोळा गेला. वाटेत मी आबांना शिकवणी दिली. हार्ड डिस्क म्हणजे धान्याची कोठी, सगळं कायमचं तिथे साठतं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, कोठीतून काढलेलं काम करायला तिथे पसरतो. ओटा लहान असेल तर कोठी कितीही मोठी असो, भाकरी थापता येत नाही. माझ्या पत्रिकेत गणपती, वेलबुट्टी, चार-चार प्रकारची अक्षरं असतात, म्हणून मला ओटा मोठा हवा. बाकी मधलं चालेल. दादा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "स्पीकर पाहिजेत." आबा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

दुकानात कूलर होता, पण त्याचं सगळं वारं मालकाच्या खुर्चीवर. मालक तरुण, तोंडपाठ बोलणारा. त्याने तीन कॉम्प्युटर दाखवले. एक स्वस्तातला, एक मधला, आणि एक सीडी आणि स्पीकरवाला, ज्याच्यापुढे दादा जाऊन उभा राहिला तो हललाच नाही. मालकाने मधल्याची माहिती सुरू केली. आबांनी हात वर केला.

"पेटी उघाड."

"आबा, कॅबिनेट सीलबंद असतं. उघडलं तर वॉरंटी..."

"तोंड न दखता कोन लेस?"

मालकाने नानांकडे बघितलं. नानांनी मान डोलावली, म्हणजे उघडा. स्क्रू निघाले, पत्रा निघाला. आबांनी धोतर सावरून खाली बैठक मारली, खिशातली बॅटरी काढली आणि आत प्रकाश टाकला.

"इतली मोठी पेटी नि मझार बठ्ठं रिकामं!"

मी शेजारी बसले आणि दाखवायला लागले. हा पंख्याखाली दडलाय तो प्रोसेसर, ही कोठी, या उभ्या पट्ट्या म्हणजे रॅम. आबांचा उजेड पट्ट्यांवर थांबला. दोन खाचांत पट्ट्या होत्या, शेजारच्या दोन खाचा मोकळ्या.

"याना दात पडेल शेतस."

"पडले नाहीत आबा. अजून यायचेत. पुढे काम वाढलं की तिथे नवीन पट्ट्या बसवता येतात."

आबांनी स्वस्तातलाही उघडायला लावला. त्याच्या चारही खाचा बारक्या पट्ट्यांनी भरलेल्या. बसवायला जागाच नाही. आबा दोन्ही पेट्यांमध्ये आळीपाळीने बघत राहिले आणि मग एकदम खूश झाले. स्वस्तातला जुळलेला, म्हणजे दात पुरे आलेला, वयात गेलेला. मधला अजून दातांवर आहे, तरुण आहे. मालकाला घाम फुटला होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की माणूस हुशार आहे. ते वाटणं चहा येईपर्यंत टिकलं.

चहा पिऊन आबांनी विचारलं, "याना जोडीवाला कोठे शे?"

आम्हाला कळलंच नाही. आबांनी समजावलं. एकटा बैल कोण घेतं? शेतीला जोडी लागते, एका अंगाची, एका उंचीची. मधला एकुलता एक होता. दुकानात अगदी सारखे दोन होते ते फक्त स्वस्तातले. मग तेच घ्यायचे. वय झालंय तर झालंय. दोघं मिळून एका मधल्यापेक्षा जास्त ओढतील. वरचे पैसे लागले तर, आबा म्हणाले, "मी दीसू."

मी म्हणाले, "आबा, कॉम्प्युटर एकटाच काम करतो."

"एकटा कितलं वढी?"

"पान एक असतं. ओटा लहान असलेले दोन ठेवले तरी गणपती काय अर्धा इकडे, अर्धा तिकडे ठेवू?"

"गाडीबी एकच ऱ्हास ना? दोन बैल वढतस का नही?"

मी मालकाकडे बघितलं, की बाबा रे तू तरी सांग. मालकाने दोन मशीन विकली जाताना बघितली आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "आबा बरोबर बोलतात," तो म्हणाला. "वायर टाकून दोन्ही जोडून देऊ." दादाचेही डोळे चमकले. एक त्याचा, एक माझा, असा हिशेब त्याने मनात केला असणार. नाना म्हणाले, "हे बेस आहे. भांडण नको." सगळे माझ्याकडे प्रेमाने बघायला लागले. मला दुकानाबाहेर जाऊन रस्त्यावर ओरडावंसं वाटलं. दोन मशीन आणि दोन्हींवर माझं पान उघडणार नाही. लग्नसराई गेली, काम गेलं, आणि मी मधूनमधून वापरणारी बहीण होऊन बसणार, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं.

रडू आलं होतं ते मी रागाखाली दाबलं आणि म्हणाले, "आबा, बैल गाडीला न जुंपता घ्याल?"

आबा खाली ठेवलेली पिशवी उचलत होते. त्यांनी ती परत ठेवली. "ते खरं शे," ते म्हणाले. "रिकामं चालाडानं नही. वझं टाक."

वझं माझ्या पर्समध्ये होतं. छापखान्यातून आणलेली एक मोठी पत्रिका, दोन फ्लॉपींवर. आबांनी दादाला बसायला सांगितलं. दादा बसला, त्याने फ्लॉपी उलटी घातली, सुलटी घातली, मग पडद्यावर इकडे तिकडे टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "याच्यात गेम नाहीये." मी त्याला उठवलं आणि बसले.

स्वस्तातल्यावर पत्रिका उघडायला लागली. वेलबुट्टी आली. वरपक्षाची नावं आली. मग गणपतीची सोंड आली, आणि तिथे सगळं थांबलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ. पेटीतून घरघर. दुकानातले सगळे पडद्यावर वाकले.

"बसी गयं ना हाई!" आबा म्हणाले.

बसका बैल म्हणजे ओझं आलं की जुवाखालीच खाली बसणारा. बाजारात याहून मोठा दोष नाही. पण आबा न्यायी माणूस. बसलेल्या जनावराला उठवायचा एक प्रयत्न करायचा असतो, तो त्यांनी केला. माउस हातात घेतला, त्याची वायर धरली आणि शेपटीला देतात तसा तिला पीळ दिला. मालक "आबा, आबा" करत धावला. घड्याळ तसंच. आबांनी पेटीच्या पाठीवर थाप मारली. पडदा काळा झाला.

"दुसरं दखाड," ते म्हणाले. जोडीदारही त्याच सोंडेला बसला. अगदी सारखे होते दोघं, एवढं खरं.

मग मधला. पत्रिका उघडत गेली, हळूहळू, पण थांबली नाही. सोंड आली, पोट आलं, उंदीर आला, मोदक आला. मी अक्षरं लहान-मोठी केली, नावं हलवली, वेलबुट्टी उचलून खाली नेली. मशीन कुरकुरलं आणि ओढत राहिलं. आबा माझ्या हातांकडे बघत होते. जोडीचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. "हाई अडेल नही," एवढंच म्हणाले.

भाव ठरवताना आबांनी मालकाचा हात उपरण्याखाली ओढला आणि बैलबाजारात भाव सांगतात तशी बोटं दाबायला सुरुवात केली. मालक बिचारा हात सोडवत म्हणाला, "आबा, भाव छापलेला आहे." आबांनी बोटं सोडली नाहीत. शेवटी मालकाने माउसखालचं पॅड फुकट देतो असं कबूल केलं, तेव्हा हात सुटला. आबांना वाटलं त्यांनी त्याला लुटलं.

परतीच्या एसटीत कॅबिनेट नानांच्या पायाशी, की-बोर्ड आबांच्या काखेत. मॉनिटरचं खोकं टपावर टाकू द्यायला मी तयार नव्हते. म्हणून ते माझ्या मांडीवर होतं आणि त्याच्यावरून मला समोरचं काही दिसत नव्हतं. धुळं सुटलं आणि कंडक्टर आला. तिकिटं फाडली. मग खोक्यावर पंच आपटून त्याने विचारलं, "हे कोणाचं?"

नाना दादाकडे बघायला लागले. दादाने खिशात हात घातला, पण खिशात काही नव्हतं म्हणून तो नानांकडे बघायला लागला. आईने सगळ्या नातेवाइकांना काय सांगितलंय ते आम्हा चौघांनाही माहीत होतं.

"बोला लवकर," कंडक्टर म्हणाला. "सामानाचं तिकीट लागेल. कोणाचं आहे?"

"माझं," मी म्हणाले.

आवाज मोठा निघाला. पुढच्या बाकावरची बाई मागे वळली. मी वाट बघितली, की आता कोणीतरी हसेल, कोणीतरी म्हणेल, तिचं कुठलं, आमच्या मुलाचं. नानांनी दादाकडे बघितलं, मग आबांकडे. आबांनी कोपराने दादाला ढकललं.

"सरक ना रे," ते म्हणाले. "तिले नीट बसू दे. तिन्हं खोकं शे."

दादा सरकला. कंडक्टरने तिकीट फाडून माझ्या हातात दिलं. मला इतका आनंद झाला होता की पारोळ्यापर्यंत मी खोक्यामागे तोंड लपवून रडत होते.