कंपनीच्या गेटातला गणपती

धाकू परब आयुष्यात दोनच गोष्टींना घाबरला. बायकोला आणि इंग्रजीला. शेवंतीला तर अख्खी चाळ घाबरायची, तेव्हा त्यात नवल नाही. इंग्रजीने मात्र त्याला त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर गाठलं.

कांजूरमार्गच्या पंख्यांच्या कंपनीत तो रजेचा अर्ज घेऊन मॅनेजरपुढे उभा होता. मॅनेजर फोनवर म्हणाला, "यस, क्लोजिंग डाउन," आणि अर्ज न वाचताच सही ठोकली. "जा, सगळे गावाला जा. आरामात या."

याच माणसाने मागच्या वर्षी रजेसाठी धाकूला मेलेली आजी पुन्हा मारायला लावली होती. धाकू सही झालेला अर्ज घेऊन सरळ टायपिंगच्या टेबलाशी गेला.

चाळीतल्या शेजारची सुलक्षणा तिथे टायपिस्ट. त्याने तिला हळूच विचारलं, "क्लोज म्हणजे बंद ना गं? सणाला बंदच असते कंपनी."

"नुसतं क्लोज म्हणजे रात्री शटर ओढलं, सकाळी वर केलं. क्लोज डाउन म्हणजे धंदाच गुंडाळला, काका. परत उघडणं नाही. कुठे ऐकलंत?"

"रेडिओवर," धाकू म्हणाला.

आधी तो गिरणीत होता; ती संपात अशीच कायमची बंद झाली होती. आता त्याला सगळं दिसलं. अर्धी कंपनी कोकणातली. ती गावाला गेली की मागे ट्रक येणार, मशिनं उचलणार. आरती आटपून परतलो की हातात काय, कुलूप.

घरी शेवंती ट्रंक भरत होती. धाकूने गावाला जायचं नाही म्हणून सांगितलं, तशी ती म्हणाली, "औंदा घरच्या गणपतीची पाळी आपली आसा. भाऊंक काय सांगू?"

"सांग, मी गणपती हयच बसवतंय."

"खय? या खुराड्यात?"

धाकू म्हणाला, "कंपनीच्या गेटात."

शेवंती ट्रंक रिकामी करू लागली.

कंपनीत गावाला न जाणारे कामगार थोडेच होते. त्यातला कुंडलिक बौद्ध. "तुझ्या गणपतीशी माझा संबंध नाही बघ," तो म्हणाला. "पण मांडवाचा बांबू मी धरतो. मशीन माझंपण आहे."

चतुर्थीला दुपारी ट्रक आले. गेटाच्या बरोबर मधोमध मांडव, मांडवात मूर्ती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मूर्ती दिसताच हात काढून घेतला आणि चपला काढून खाली उतरला. मागच्या गाडीतून मॅनेजर आला.

"कोणाला विचारून बसवला हा?"

शेवंती धाकूच्या पाठीशी उभी होती, म्हणून मागे सरकायची सोय नव्हती. त्याने शिऱ्याची बशी पुढे केली. "साहेब, आधी प्रसाद."

प्रसादाला नाही कोण म्हणणार? मॅनेजरने बशी घेतली. "किती दिवसांचा आहे?"

धाकूने कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिक बांबूला टेकून उभा होता.

"तुम्ही फोनवर क्लोज डाउन म्हणालात ना साहेब," धाकू म्हणाला, "ते मागे घ्याल त्या दिवशी विसर्जन."

मॅनेजरने हातातल्या बशीकडे पाहिलं, मग ट्रककडे. ड्रायव्हरने ट्रकवर चढून इंजिन बंद केलं, आणि येऊन प्रसादाला हात पुढे केला.